ओढ्याच्या गाळात काय निघालं

मी संशयी माणूस हाये. आधीच सांगून टाकतो, म्हंजे माझ्या बायकोला, उषाला, मधी तोंड घालून सांगायची गरज पडायची न्हाई. ती म्हणती, तुमच्या मनात पाल चुकचुकायला काय लागतं, शेजारच्या रानात कुणी शिंकलं तरी बास. खरं हाये. पण संशयी नसतो तर मोसंबीच्या बाजारात लोकांनी मला कव्हाच गुंडाळून खिशात घातलं असतं, हे बी खरं हाये. बारा वर्षं मोसंबी विकली, एका बी व्यापाऱ्यानं मला बनवलं न्हाई. बनवलं ते मीच, मपल्या स्वतःला. आन् त्याच्यापायी बहीण घालवून बसलो.

आमचं गाव अंबडपासून दोन कोसावर. ओढ्याच्या काठाला आठ एकर रान, त्यातली तीन एकर मोसंबी. सातबाऱ्यावर दोन नावं. वर माझं, सर्जेराव रखमाजी, आन् खाली माझ्या बहिणीचं, बेबीनंदाचं. बाप गेला तव्हा तलाठ्यानं वारस म्हणून दोघांची बी लावली. आमच्याकडं रीत अशी की बहिणीनं भावाला हक्कसोड लिहून द्यायची. बापाच्या रानावर माझा हक्क न्हाई, अशी कागदावर सही करून मोकळं व्हायचं. त्याच्या बदल्यात भावानं तिला जल्मभर माहेर ठेवायचं. दिवाळीला आणायचं, लुगडं घ्यायचं, तिच्या लेकरांच्या लग्नात मामा म्हणून उभं राह्यचं. बेबीची हक्कसोड तेवढी राह्यली व्हती. दर साली म्हणायचो, पुढच्या साली करू. ती हसायची. "राहू दे ना रे भाऊ नाव. कागदावर तरी माहेरी राह्यते."

बेबी माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. माय गेली तव्हा ती पाच वर्षांची. बाप दिवसभर रानात, मंग तिची वेणी मीच घालायचो. शाळेतल्या बाई विचारायच्या, "वेणी कुणी घातली गं, बैलाला दावं बांधल्यावानी?" ती मान वर करून म्हणायची, "आमच्या भाऊनं." पुढं तिला केदारखेड्याला दिली, तिकडं भोकरदन तालुक्यात. दाजी मच्छिंद्र. माणूस कामाचा, पण लालची. हे मी सोयरीक ठरतानाच बोललो व्हतो, बापानं ऐकलं न्हाई.

तर दोन हजार दोनची संक्रांत झाली आन् ओढ्यात एक सरकारी जीप येऊन थांबली. मी झाडांची आळी करून राह्यलो व्हतो. जीपमधून एक चष्मेवाला उतरला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, ओढ्याच्या मधोमध उकिडवा बसला आन् गाळ उकरायला लागला. चाळणीनं चाळला, कापडी पिशवीत भरला, पिशवीवर शाईनं नंबर टाकला.  आज चिखल नेतेत म्हंजे उद्या रान नेणार, अजून काय!

"काय साहेब, धरण बांधून राह्यले का?"

"नाही हो भाऊ. ठरावीक अंतरावर सगळ्या ओढ्यांचा गाळ घेतो आम्ही. तो तपासायचा आणि जमिनीत काय काय आहे त्याचा नकाशा करायचा. सगळ्या देशात चाललंय हे काम."

"मंग आमचाच ओढा कामून?"

"तुमचाच नाही, सगळ्यांचाच."

"आज तर आमच्याच्यात बसले ना."

तो हसला. नाव विचारलं तर देवानंद वाहुळे. गाव विचारलं तर कुंभार पिंपळगाव. परक्या मुलखाचा असता तर मी जरा निवांत झालो असतो. पण कुंभार पिंपळगावचा म्हंजे आपल्याच भागातला, ह्याला आपल्या सगळ्या खोड्या माहीत असणार. मी जास्तच सावध झालो. त्यानं पाणी मागितलं, मी दिलं. तो पीत व्हता तव्हा मी त्याच्या पिशवीवरचा नंबर पाठ केला. एकशे सत्तेचाळीस. कशासाठी पाठ केला, मला इचारू नका.

दहा महिने काही हालचाल न्हाई. दिवाळी आली, बेबी भाऊबीजेला आल्ती, ओवाळून गेली. ती गेल्यावर चार दिवसांनी तीच जीप पुन्हा. ह्या खेपेला वाहुळे साहेब चारी बाजूला बघत बघत चालला व्हता. दोन मजूर संग आणल्ते. ओढ्याच्या काठावर बसला आन् म्हणला, "सर्जेरावभाऊ, तुमच्या ओढ्यानं आम्हाला कोड्यात टाकलंय."

"आता काय केलं ओढ्यानं?"

"गाळात तांबं लई निघालं. आपल्या काळ्या दगडात थोडंफार असतं, पण एवढं नाही. लोखंड पण जास्त. आणि त्यांच्या जोडीला दुर्मिळ मृदा म्हणतात ती खनिजं."

"माती म्हणा की मंग."

"माती नाही, धातू असतात ते. लायटरचा खडा बघितला ना, ठिणगी पडते तो? गॅसबत्तीची जाळी, रंगीत टीव्हीतला लाल रंग, सगळ्यांत ते लागतात. जगात काही ठिकाणी तांब्याच्या आणि लोखंडाच्या खाणीत, त्याच दगडात मिसळलेले सापडतात. आपल्याकडं मात्र असं सापडायचं काही कारण नाही. म्हणून विचारतो भाऊ, ह्या ओढ्यात वरून काही पडतं का? औषध, खत, काही?"

आता इथं मला थोडं मागं जावं लागतं.

मोसंबीला डिंक्या रोग लागतो. खोडातून डिंक गळतो आन् झाड वाळत जातं. त्याच्यावर मोरचूद आन् चुना कालवून खोडाला निळा लेप द्यायचा. पानं पिवळी पडली तर हिराकस द्यायचं. मोरचुदात तांबं असतं आन् हिराकसात लोखंड, हे मला शेतकी मेळाव्यात कळल्तं. राह्यलं सुपर फॉस्फेट खत. ते द्यायची आमच्या बापाची एक निराळीच तऱ्हा व्हती. लोक दाणे मातीत मिसळतेत. आमचा बाप गोणी हौदात आठ दिवस भिजू घालायचा, वरचं पाणी झाडाला द्यायचा आन् खाली बसलेला पांढरा चोथा फेकायचा. गावात दुसरं कुणी असं करत न्हाई. बाप गेल्यावर मी बी तेच चालू ठेवलं. चोथा कुठं फेकायचा? ओढ्यात. सुपर नसलं की मोरचूद बी त्याच हौदात कालवायचं. त्याचे ड्रम कुठं धुवायचे? ओढ्यात. अशी बारा वर्षं.

आन् त्याच उन्हाळ्यात खालच्या अंगाच्या धर्मराजची म्हैस मेल्ती. त्यानं पारावर बोंब मारली की सर्जेरावच्या निळ्या पाण्यानं मेली. म्हैस म्हातारी व्हती हो, तिला मरायला निळं पाणी कशाला पाह्यजे! पण चार लोक जमले, आवाज चढले, आन् मी मारुतीच्या देवळात जाऊन सांगून बसलो की मी ओढ्यात कधी काही धूत न्हाई. देवाच्या पायावर हात ठेवून.

तव्हा वाहुळेनं विचारलं "वरून काही पडतं का", आन् माझ्या डोक्यात उजेड पडला. ह्याला धर्मराजनंच पाठवलंय! खनिज-बिनिज सगळा बहाणा. माझ्या तोंडून कबुली काढायची आन् मला देवापुढं खोटं पाडायचं.

"शेणखताबिगर आमच्या रानात बिलकुल काही पडत न्हाई," मी म्हणलं.

उषा डोक्यावर पाटी घेऊन तिथंच उभी. तिनं माझ्याकडं असं बघितलं की बास.

"काय बघती? जाय, साहेबाला च्या ठेव."

हौदावर मी जीप दिसल्याबराबर गोणपाट टाकून ठेवल्तं. साहेबानं त्या गोणपाटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, वहीत काही तरी लिहिलं आन् मजुरांकडून ओढ्यातल्या वीस जागचा गाळ भरून घेतला.

तो गेल्यावर उषा म्हणली, "त्या माणसानं सरळ विचारलं व्हतं. तुम्हाला सरळ सांगायला काय झाल्तं?"

"तुला न्हाई कळायचं."

"मला न्हाई कळत. पण ती म्हैस तुमच्यामुळं मेली न्हाई, हे तर म्या बी सांगितलं असतं. खोटं बोलायची गरजच न्हवती."

 माझं डोकं दुसरीकडंच पळत व्हतं. तांबं म्हणलं तर माझ्या मोरचुदाचं. लोखंड माझ्या हिराकसाचं. ते ठीक. पण ते तिसरं? ते लायटरच्या खड्याचं? ते तर माझ्या कुठल्याच ड्रमात न्हाई! मोरचुदाच्या पुड्यावर लिहिलेलं न्हाई, हिराकसाच्या न्हाई, सुपरच्या गोणीवर बी न्हाई. म्या तिन्ही आणून वाचून बघितले. मंग ते आलं कुठून? आलं ते रानातूनच. साहेब मोरचुदापायी कोड्यात पडला, पण खरा माल खाली हाये, आन् हे देशात फकस्त दोघांना ठाऊक, मला आन् पांडुरंगाला. मी असा खुश झालो म्हणता! एवढा शिकलेला माणूस चकला, आन् मी चौथी पास, मला बराबर कळलं.

साहेबाच्या मजुरांनी बाहेर सांगितलं आन् चार दिवसांत हॉटेलातल्या लोकांनी गप्पांतच आमच्या ओढ्यात खाण काढली. आठव्या दिवशी तिच्यात सोनं बी निघालं. मी कानावर हात ठेवायचो, "कोण म्हणतं? काही न्हाई." जितका न्हाई म्हणायचो तितकी लोकांची खात्री पटायची. आन् घरी आलो की पेटीतून सातबारा काढून बघायचो. वर माझं नाव. खाली बेबीचं. त्या खालच्या नावाकडं मी तव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. अर्धं तिचं. म्हंजे मच्छिंद्रचं. 

मार्गशीर्षातला मंगळवार व्हता. मी बागेतून बघितलं, फाट्यावर एसटी थांबली आन् बेबी उतरली. एकटी. लेकरं न्हाई, पिशवी न्हाई. सण न्हाई, वार न्हाई, भाऊबीज होऊन महिना सवा महिनाच झाला. काखेत एक प्लॅस्टिकची थैली, लोक कागदं ठेवतेत तसली. मी म्हणलं, झालं. आली.

पळत घरी गेलो. उषाला म्हणलं, "बेबी येऊन राह्यली. मी जालन्याला गेलो म्हणून सांग."

"कामून?"

"सांग म्हणलं ना!"

आन् मी मागच्या दारानं निघून विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत जाऊन बसलो. पन्नाशीला टेकलेला माणूस, पाठच्या बहिणीला भिऊन मोटारीमागं उकिडवा! खिडकीच्या फटीतून सगळं दिसत व्हतं. तासाभरानं बेबी बागेत आली. एका झाडापाशी थांबली, एक पान तोडून चोळलं, वास घेतला. मंग ओढ्याच्या काठाला गेली आन् कमरेवर हात ठेवून पाण्याकडं बघत राह्यली. मी मनात म्हणलं, बघ, बघ, माल बघून राह्यली. मच्छिंद्रनं शिकवून धाडलीय, जागा पाहून ये म्हणून.

तिकडून येताना ती विहिरीपाशी थांबली. माझ्यापासून वीस पावलांवर.

"भाऊ! ए भाऊ!"

मी श्वास धरला.

"भाऊ, हायेस का रे इथं?"

तिला काय संशय आल्ता का सवयीनं हाका मारल्या, देव जाणे. दोन हाका मारल्या आन् गेली.

तिसऱ्या प्रहराच्या गाडीनं ती अंबडला गेली. उषानं निरोप सांगितला. "उद्या सकाळी तुम्हाला अंबडला बोलवलंय, रजिस्ट्रीच्या हापिसात. सातबारा घेऊन या म्हणल्या. आज झुंबरआत्याकडं मुक्काम करणार हायेत. उद्याच या म्हणल्या, परवा चालायचं न्हाई."

"सातबारा घेऊन!" मी ओरडलोच. "ऐकलं? सातबारा घेऊन! वाटणी मागायला बोलवलंय मला."

"काम काय ते म्या विचारलं. ‘भाऊलाच सांगते, वैनी, तुमच्या कानावर टाकलं तर तुम्ही रडसाल’ म्हणल्या. चेहरा उतरलेला व्हता हो वन्संचा. जाऊन तर बघा. बहीण हाये तुमची."

"बहीण हाये म्हणून तर न्हाई जात."

दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून मोरचूद कालवलं आन् झाडांना लेप दिला. लेप द्यायचे दिवस बी नव्हते ते. संध्याकाळपर्यंत साठ झाडं केली. उषानं दुपारची भाकरी बांधावर ठेवली आन् तशीच गेली.

दहा दिवसांनी वकिलाची नोटीस आली. रखमाजीच्या रानात बेबीनंदाचा अर्धा हिस्सा, तो सरस-निरस मानानं, म्हंजे चांगली-हलकी जमीन सारखी वाटून, वेगळा करून द्यावा. खाली तिची सही, तिच्या त्या गोल अक्षरात. खरं सांगू? मला वाईट वाटायच्या आधी बरं वाटलं. उषापुढं कागद नाचवला. "काय म्हणत व्हतो मी? संशयी, संशयी म्हणती ना मला? घे, वाच!"

आन् तसाच केदारखेड्याला गेलो. बेबी अंगणात मिरच्यांचे देठ खुडत बसल्ती. मच्छिंद्र म्हणला, "या पाव्हणं, बसा." मी बसलो न्हाई. नोटीस तिच्या मिरच्यांवर फेकली.

"भाऊ, तू त्या दिवशी अंबडला..." ती बोलायला लागली.

"नाव काढू नको अंबडचं! मला सगळं कळलंय. दगड निघाला म्हणल्याबराबर धावत आली. बाप मेला तव्हा एवढ्या जल्दी आल्ती का? आजपासून तुला माहेर न्हाई. आम्ही मेलो समज तुला."

आळीतले लोक गोळा झाल्ते. तिची सासू दारात उभी. बेबीनं मिरच्यांवरचा कागद उचलला, झटकला, घडी केली.  मी तरातरा फाट्यावर आलो. तिथं पाऊण तास गाडी न्हाई, तरी मागं वळून बघितलं न्हाई.

संक्रांतीनंतर वाटणीचा दावा बी लागला. शिमग्याच्या आधी वाहुळे साहेब तिसऱ्यांदा आला. एकटाच. त्यानं बाजेवर नकाशा पसरला. आमचा ओढा काढल्ता त्याच्यावर, आन् लाल ठिपके.

"हे बघा भाऊ. तुमच्या हौदाच्या वरच्या अंगाला गाळात काहीच नाही. हौदापाशी एकदम सगळं. खाली दोन शेतं गेलं की पुन्हा काही नाही. जमिनीतलं खनिज असं एखाद्याच्या हौदापासून चालू होत नसतं."

तो उठला, हौदापाशी गेला, गोणपाट उचललं. आत निळंशार, काठाला पांढरा चोथा. मी उभा व्हतो तसाच.

"मोरचूद, हिराकस," तो म्हणला. "ते मला मागच्याच खेपेला वाटलं होतं."

"पण ते तिसरं?" माझा जीव त्याच्यातच अडकलेला. "ते लायटरचं? ते तर न्हाई ना ह्याच्यात?"

"हा पांढरा चोथा कशाचा?"

"सुपरचा."

"मग त्यातलंच. सुपर ज्या दगडापासून करतात ना, त्या दगडातच ही खनिजं थोडी थोडी असतात. गोणीवर कुणी लिहीत नाही. तुम्ही पाणी झाडाला दिलं आणि चोथा बारा वर्षं एका जागी टाकला. साठत गेला. रानात खाली साधा काळा दगड आहे, भाऊ. बाकी काही नाही."

मी बाजेवर बसलो. त्यानं नकाशा गुंडाळला. रागावला न्हाई, हेच जास्त लागलं मला. "मी विचारलं होतं तुम्हाला," एवढंच म्हणला. "तुम्ही सांगितलं असतं तर त्याच दिवशी मिटलं असतं. तुमच्या बहिणीला मी तिथंच सांगू शकलो असतो."

"कोणाला?"

"बेबीनंदाबाईंना. मार्गशीर्षात मी गावनकाशा घ्यायला अंबडला गेलो होतो. रजिस्ट्रीच्या पायरीवर बसल्या होत्या. जीप बघून उठून आल्या. ‘रखमाजीच्या ओढ्याचे साहेब तुम्हीच का? खरंच निघालं का काही?’ मी म्हणलं, अजून नक्की नाही. तर म्हणल्या, निघालं तर माझ्या भावाचं, न्हाई निघालं तरी माझ्या भावाचं. हक्कसोड लिहून आणली होती त्यांनी. मला दाखवली. भाऊ सातबारा आणि साक्षीदार घेऊन येतोय, म्हणल्या. घरचे उद्याच वकिलाकडं नेणार आहेत, त्याच्या आत सही झाली की मग कुणी काही मागू शकत नाही. मी चारला निघालो तेव्हा पण तिथंच होत्या. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, मी केळी दिली तर घेईनात. मला वाटलं, नंतर तुम्ही आला असाल."

उषा आतून ऐकत व्हती. तिच्या हातातलं भांडं खाली पडलं, आन् ती तिथंच भुईवर बसून मोठ्यानं रडायला लागली.

मी त्याच पावली निघालो. अंबड, तिथून जालना, तिथून भोकरदन, तिथून केदारखेडा. सगळ्या गाड्यांत उभा राह्यलो. मच्छिंद्र ओट्यावरच व्हता. फाट्यावरच्या कुणी तरी फोन करून खाण बुडाल्याची खबर त्याच्यापर्यंत आधीच पोचवल्ती. तोंड आंबट करून म्हणला, "या पाव्हणं. जाऊ द्या आता. रानात काही न्हाई म्हणतेत. दावा मागं घेऊ, खर्चा कशाला वाढवायचा."

बेबी दारात आली. मी तिच्यापुढं हात जोडले. लोकं बघून राह्यले व्हते, बघू दे. "बेबे, मी चुकलो. मी त्या दिवशी मोटारीच्या खोलीत लपून बसल्तो. तू हाका मारल्या तव्हा मी तिथंच व्हतो. मला काही नको, हक्कसोड बी नको. तुझं नाव राहू दे. फकस्त घरी चल."

तिनं पदर सावरला. मंग म्हणली, "मला वाटल्तं, तुम्ही तिथंच हायेत."

तुम्ही. जल्मात ती मला कधी तुम्ही म्हणली नव्हती.

"अंबडहून आले आन् आठ दिवस थांबले," ती म्हणली. "ह्यांना सांगितलं, माझा भाऊ येईल, काही तरी काम निघालं असंल. लई बोलणी खाल्ली. गाडीचा टाइम झाला की दारात येऊन उभी राह्यचे. आठव्या दिवशी सही केली. सही करताना बी वाटलं, नोटीस बघून तरी येईल, विचारील, बेबे काय झालं. तुम्ही आले. पण विचारलं न्हाई."

"आता विचारतो ना गं."

"आता नका विचारू." ती मच्छिंद्रकडं वळली. "दावा मागं घ्यायचा न्हाई."

"अगं, त्या रानात काही न्हाई आता!"

"काही न्हाई ते मला माहीत हाये. ते माझ्या बापाचं रान हाये." आन् माझ्याकडं बघून, आवाज बी न चढवता म्हणली, "माहेरासाठी रान सोडतेत बायका. मी सोडायला आल्ते. माहेर तुम्ही बंद केलं, ह्या अंगणात, सगळ्यांपुढं. मंग मी रान कशासाठी सोडू?"

 तिचं बराबर व्हतं. मी कोर्टात एक शब्द भांडलो न्हाई. वाटणी लिहून दिली, विहीर सामाईक, मोसंबी अर्धी अर्धी.

वैशाखात मोजणी झाली. मोजणीदारानं फीत ओढली, बागेच्या मधोमध खुणेचे दगड रोवले. बेबी डोक्यावर पदर घेऊन बांधावर उभी. मी उषाला पाणी घेऊन धाडलं, ते तिनं घेतलं, आमच्या लेकरांची चौकशी केली. माझ्याकडं बघितलं न्हाई. मंग मोजणीदार तिचा कागद भरायला बसला. नाव, गट नंबर, क्षेत्र, चारी बाजूला कोण कोण.

"बाई, पूर्वेला ओढा. पश्चिमेला कोण?"

"सर्जेराव रखमाजी."

त्यानं मान वर केली. "तुम्ही बी रखमाजीच्याच ना? कोण लागतेत मंग हे तुमचे?"

मी तिच्या तोंडाकडं बघत व्हतो. माझं सगळं काळीज त्या एका शब्दावर टांगलं व्हतं. आठ एकरच्या आठ एकर मागितलं असतं तर दिलं असतं मी त्या शब्दासाठी.

"शेजारी," ती म्हणली. "शेजारचे शेतकरी, असं लिहा."

मोजणीदार माझ्याकडं बघायला लागला. मी मान हलवली. त्यानं तसं लिहिलं आन् कागद माझ्यापुढं सरकवला. मी सही केली.